आठ इंची विकू नका, सर

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त विज्ञान शिक्षक, वय 64. नोकरीत असताना स्वतः आरसा घासून आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण (हाताने वळवायची, आरशाची) बनवली. दर हिवाळ्यात गावातल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांवरच्या मुलांना तिच्यातून आकाश दाखवतो. मागच्या वर्षी मुलाने सीस्टार एस50 ही स्मार्ट दुर्बीण आणून दिली. फोनवर नाव निवडलं की ती आपणहून वळते आणि टॅबलेटवर दीर्घिकेचा रंगीत फोटो उमटतो. तेव्हापासून मुलं टॅबलेटभोवती गर्दी करतात, जुन्या दुर्बिणीच्या नेत्रिकेशी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाशी, रांग लागत नाही. एका मुलीने नेत्रिकेतून मृगातला तेजोमेघ पाहिला आणि म्हणाली, 'सर, यात तर काहीच रंग नाही.' मलाही आता पूर्वीसारख्या दीर्घिका दिसत नाहीत. गावात एलईडीचे पथदिवेही आलेत. मुलगा म्हणतो, जुनी विकून टाका, जागा अडते, त्या पैशांत आणखी एक स्मार्ट दुर्बीण घेऊ. मन होत नाही. पण हट्ट धरण्यात अर्थ आहे का, तेही कळत नाही.

सर, नमस्कार.

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. आठ इंची विकू नका. मुलाने आणलेली सीस्टारही वापरा, मनापासून वापरा. बदलायला हवा तो दोघींचा क्रम, आणि गावातले दोन-चार दिवे.

पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. 'मलाही आता पूर्वीसारख्या दीर्घिका दिसत नाहीत' हे तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण विकण्याचा विचार मनात शिरला तो तिथूनच, असं मला वाटतं. म्हणून त्याचा छडा आधी लावू. दोष तीन ठिकाणी असू शकतो : डोळ्यात, आरशात किंवा आकाशात. वयाबरोबर डोळ्याची बाहुली कमी उघडते हे खरं. विशीत काळोखात ती सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीनंतर बऱ्याच जणांची पाचच्या आसपास. पण तुमच्या दुर्बिणीत त्याने फारसं बिघडत नाही. आठ इंची म्हणजे 203 मिलिमीटरचा आरसा. त्याचं नाभीय अंतर 1200 मिलिमीटर धरलं, तर 25 मिलिमीटरची नेत्रिका लावल्यावर 48 पट मोठं दिसतं आणि नेत्रिकेतून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका सव्वाचार मिलिमीटरच्या आतच असते. पाच मिलिमीटरच्या बाहुलीत ती पूर्ण मावते. त्यामुळे बाहुलीला दोष देऊन गप्प बसू नका. मोतीबिंदू मात्र अंधुक दीर्घिका सहज पुसून टाकतो, आणि तो सुरू झाल्याचं दिवसाउजेडी पुष्कळदा लक्षातही येत नाही.

पुढच्या काळोख्या रात्री दहावीतल्या एखाद्या मुलीला नेत्रिकेशी उभी करा आणि देवयानी दीर्घिका लावून द्या. मोठ्या अंधुक पट्ट्याशेजारी एक छोटा गोलसर ठिपका असतो, एम32 नावाची लहान दीर्घिका. तो तिला दिसतो का विचारा. तिला दिसला आणि तुम्हाला नाही, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, टाळू नका. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पिवळी पडलेली जुनी भिंगं निघून जातात आणि निळसर तारे पुन्हा निळे दिसायला लागतात, हे अनेक ज्येष्ठ निरीक्षकांचं सांगणं आहे. दोघांनाही दिसला नाही, तर दुर्बीण गाडीत घाला आणि वस्तीपासून दूर घाटमाथ्यावर न्या. तिथे लख्ख दिसला तर दोष गावातल्या दिव्यांचा. तिथेही नाही दिसला तर आरसा तपासा. थोड्या धुळीने काही होत नाही. लोक उगीच घाबरून आरसा पुसत बसतात आणि ओरखडे पाडतात. पण ॲल्युमिनियमचा मुलामा काळपट किंवा दुधाळ झाला असेल तर प्रकाश खरोखरच कमी पडतो. तुम्ही घासलेली काच पिढ्यान् पिढ्या टिकेल. मुलामा टिकत नाही, तो पुन्हा चढवून घ्यायचा असतो. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत किंवा 1944 पासून चालत आलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेकडे, हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेकडे, विचारा. आरसा घासणारी माणसं तिथे भेटतात आणि मुलामा कुठे करून मिळतो हे त्यांना ठाऊक असतं.

आता सीस्टारकडे वळू. तिचं भिंग फक्त 50 मिलिमीटरचं आहे. तुमचा आरसा तिच्यापेक्षा सोळा पट जास्त प्रकाश गोळा करतो. तरी टॅबलेटवर जे दिसतं ते तुमच्या नेत्रिकेत दिसत नाही, कारण तिला थांबता येतं आणि डोळ्याला थांबता येत नाही. डोळा सेकंदाच्या एका लहानशा अंशात आलेला प्रकाश जमेस धरतो आणि पुढे जातो. सीस्टारचा संवेदक दहा-दहा सेकंदांचे फोटो घेत राहतो, ते एकावर एक बसवतो, आणि दहा मिनिटांत अशा साठ फोटोंची बेरीज होते. थेंबे थेंबे तळे साचे, तशी दीर्घिका साचत जाते. म्हणून मृगाच्या पट्ट्याखालचा अश्वशीर्ष तेजोमेघ तिला काही मिनिटांत दिसतो. आठ इंचीतून तो बघायचा तर उत्तम काळोख, खास फिल्टर आणि वर्षानुवर्षांचा सराव लागतो, आणि तरीही बहुतेकांना तो दिसत नाही. इतकी वर्षं ज्याच्याकडे दुर्बीण रोखून हाती काही लागलं नाही, तो अश्वशीर्ष आता तुमच्या अंगणात उमटतो. त्याचा आनंद तुम्हीही घ्या. आपल्या आरशाशी ती बेइमानी नव्हे.

पण हीच सीस्टार शनीकडे वळवा. तिच्या संवेदकावर एका पिक्सेलमध्ये सुमारे 2.4 विकला आकाश येतं (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). शनीची कडी टोकापासून टोकापर्यंत चाळीसेक विकला, म्हणजे सतरा पिक्सेल. त्यात शनीला कान फुटल्यासारखे दिसतात, इतकंच. तुमच्या आरशाला अर्ध्या विकलेच्या आसपासचा तपशील वेगळा करता येतो. हवा शांत असेल आणि नेत्रिका दीडशे पटींची असेल, तर कडी आणि गोल यांच्यामधली काळी फट, कड्यांवर पडलेली ग्रहाची सावली आणि शेजारचा त्याचा उपग्रह टायटन, सगळं एका नजरेत येतं. 2025 मध्ये कडी आपल्याला कडेवर दिसत होती, एका रेषेसारखी. आता ती दर वर्षी थोडी थोडी उघडत जाणार आहेत. जी मुलं आज पाचवीत आहेत, त्यांना दहावीपर्यंत ती उघडताना तुमच्याच दुर्बिणीतून पाहता येतील. गुरूचे पट्टे, चंद्रावरची विवरं, सगळ्यांचं तेच. जिथे प्रकाश भरपूर आहे आणि तपशील बारीक आहे, तिथे मोठा आरसा आणि डोळा यांना ही छोटी यंत्रं आज तरी गाठू शकत नाहीत.

त्या मुलीचं म्हणणं मला फार आवडलं. तिने खरं तेच सांगितलं. तिला रंग दिसला नाही, कारण मंद प्रकाशात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी काम करत नाहीत. काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांना फक्त उजेड-काळोख कळतो. टॅबलेटवरचा लाल रंगही खोटा नाही. तो तापलेल्या हायड्रोजनचा आहे, तिथे खरोखर आहे, फक्त आपल्या दंडपेशी त्या लाल रंगाला जवळपास आंधळ्या असतात. हे तिला सांगा, आणि तिला पुन्हा नेत्रिकेशी बोलवा. पण या वेळी तिचा डोळा तयार करून. काळोखाला डोळा सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या स्क्रीनकडे एकदा पाहिलं की पहिल्यापासून सुरुवात. तुमच्या कार्यक्रमात नेमकं हेच होत असणार : मुलं आधी उजळ टॅबलेट बघतात आणि तसेच दिपलेले डोळे घेऊन नेत्रिकेशी येतात. त्यांना मृगातला तेजोमेघ राखाडीसुद्धा धड दिसत नसेल. त्या डोळ्यांनी तुम्हालाही दिसणार नाही.

म्हणून क्रम उलटा करा. सीस्टार अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मांडा, तिला आधीच एखाद्या दीर्घिकेवर लावून ठेवा आणि टॅबलेट झाकून ठेवा. ती तिकडे एकटी साचवत बसेल, तिला कोणी लागत नाही. मुलांनी पहिला तास फक्त नुसते डोळे आणि नेत्रिका यांच्याबरोबर घालवायचा. टॉर्चला लाल जिलेटिन किंवा लाल प्लास्टिक बांधा. प्रत्येक मुलाला पोस्टकार्डाएवढा जाड कागद द्या, त्यावर वाटी ठेवून काढलेलं एक वर्तुळ, आणि पेन्सिल. नेत्रिकेत जे दिसतं ते वर्तुळात काढायचं, चित्रकला नाही आली तरी चालेल. हे फार महत्त्वाचं आहे, सर. चित्र काढायचं असलं की मूल नेत्रिकेशी दोन सेकंदांऐवजी दोन मिनिटं थांबतं, आणि त्या दोन मिनिटांतच दिसायला लागतं. थेट बघितल्यावर विरणारा ठिपका जरा कडेला नजर ठेवली की वर येतो, हे मुलांना सांगून कळत नाही. चित्र काढताना ते त्यांचं त्यांना सापडतं. डॉब्सोनियनमध्ये शंभर पटींच्या नेत्रिकेत वस्तू दोनेक मिनिटांत क्षेत्राबाहेर सरकते. ती पुन्हा मध्ये आणण्याचं काम आठवी-नववीतल्या एखाद्याकडे सोपवा. पृथ्वी फिरते हे त्याला त्याआधी पाठ असेल, त्या रात्री हाताला कळेल.

गुरू वर असेल तर सात वाजता त्याच्या चार उपग्रहांच्या जागा काढून घ्या आणि कार्यक्रम संपताना पुन्हा काढायला लावा. आयो दोन-तीन तासांत सरकलेला स्पष्ट दिसतो. गॅलिलिओने 1610 मध्ये हेच केलं होतं, तुमच्यापेक्षा पुष्कळ लहान दुर्बिणीतून.

आणि मग टॅबलेट उघडा. हातात कागद आहे, त्यावर आपण काढलेला अंधुक डाग आहे, आणि समोर त्याच वस्तूचा तासाभर साचवलेला फोटो. मुलं आपोआप शोधायला लागतील की आपला डाग यातला कुठला. उन्हाळ्यात श्यामशबल तारकासमूहातली एम51 ही दीर्घिका लावा : चांगल्या काळोखात आठ इंचीत धुक्याचे दोन शेजारी-शेजारी ठिपके दिसतात, एक मोठा, एक लहान. फोटोत कळतं की मोठ्याचे वळसे पसरत जातात आणि एक वळसा थेट लहानाच्या बाजूला पोचतो. ज्याने ते दोन ठिपके स्वतः काढलेत, त्याच्या दृष्टीने हा फोटो म्हणजे त्याच्या चित्राचं उत्तर. ज्याने काढले नाहीत, त्याने असे फोटो फोनवर शेकड्यांनी पाहिलेत, आणि याहून सुंदर. हबल या अवकाशातल्या दुर्बिणीचा फोटो सगळ्यांच्या फोनवर आहेच. तुमची सीस्टार हबलशी स्पर्धा करायला अंगणात ठेवलेली नाही.

एक नियम मात्र कडक ठेवा : बोट दाखवल्याशिवाय बटण नाही. सीस्टार आकाशाचा फोटो घेते, त्यातले तारे नकाशाशी जुळवते आणि आपण कुठे रोखलो आहोत हे स्वतः ओळखते. त्यामुळे ती चालवणाऱ्याला आकाशातलं काहीच माहीत असावं लागत नाही. ही सोय मोठी आहे, आणि मला खरी भीती तिचीच वाटते. स्मार्ट दुर्बिणीतून पन्नास वस्तूंचे फोटो काढलेला मुलगा एखाद्या रात्री वीज गेली की मान वर करतो आणि शर्मिष्ठा कुठली, देवयानी कुठली, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून ज्याला फोनवर वस्तू निवडायची आहे, त्याने आधी बाहेर येऊन ती कुठल्या दिशेला, कुठल्या ताऱ्याच्या शेजारी आहे, ते बोटाने दाखवावं. रोहिणी, काक्षी, व्याध, ब्रह्महृदय ही नावं आजही वाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना थोडीफार ठाऊक असतात. त्यांनाही बोलवा.

म्हाताऱ्यांवरून आठवलं. वाकून नेत्रिकेशी डोळा लावणं ज्यांना जमत नाही, गुडघे किंवा पाठ साथ देत नाही, नजर अधू आहे, चाकाच्या खुर्चीत बसलेलं एखादं मूल आहे, त्यांच्यासाठी टॅबलेट हाच एकमेव रस्ता आहे. आजवर तुमच्या कार्यक्रमातून ही माणसं काही न बघता घरी गेली असतील. त्यांच्यासाठी मात्र क्रम-बिम काही नाही, टॅबलेट हातात द्या.

आणि अकरावी-बारावीतल्या पोरांना फोटोंच्या पुढे न्या. 26 सप्टेंबर 2022 ला नासाचं डार्ट यान डायमॉर्फोसवर, एका लघुग्रहाच्या छोट्या चंद्रावर, मुद्दाम आदळवलं, तेव्हा रियुनियन बेटावरच्या आणि केनियातल्या हौशी निरीक्षकांनी स्मार्ट दुर्बिणींतून त्या धडकेचा प्रकाश टिपला. ती निरीक्षणं 2023 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आली. तुमच्या पोरांना लगेच तिथवर जायची गरज नाही. ययाती तारकासमूहातला अलगूल हा तारा दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंदावतो, साध्या डोळ्यांना कळेल इतका. तो आधी डोळ्यांनी शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहू दे, वहीत मांडू दे. मग सीस्टारने मंद रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे, तारे टिपायला बसवा. दोन्ही सवयी एकाच मुलाला लागल्या तर तो पुढे खरा निरीक्षक होईल.

सीस्टारबद्दल दोन बारीक गोष्टी. तिच्यात जो फिल्टर असतो तो हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठरावीक रंगांनाच आत सोडतो, म्हणून मृग, अश्वशीर्ष, लगून अशा वायूंच्या मेघांसाठी तो लावा. दीर्घिकांसाठी काढून टाका. त्यांचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला, फिल्टर तोही अडवतो. दुसरं, फार लांब फोटो घेण्यासाठी ती पृथ्वीच्या अक्षाला समांतर झुकवून वापरण्याचा एक प्रकार आहे. युरोपात तो सोपा जातो. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम 18 अंशांवर, त्यामुळे यंत्र जवळपास आडवं करावं लागतं आणि हलकी तिपाई उलटू शकते. मुलांच्या गर्दीत तर ते करूच नका.

सूर्याकडे मात्र दोन्हींपैकी कुठलीही दुर्बीण फिल्टरशिवाय वळवायची नाही, आणि दिवसा आठ इंचीचं तोंड झाकलेलं असायला हवं. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण हे उत्तर इतर लोकही वाचतील.

दिव्यांचं बोलते. जुने पिवळे सोडियमचे दिवे मुख्यतः ठरावीक रंगात जळायचे, ते फिल्टरने बरेचसे अडवता यायचे. पांढरा एलईडी सगळ्या रंगांत जळतो, दीर्घिका बघताना तो फिल्टरने तसा अडवता येत नाही. त्यावर खरा उपाय, उजेड वर जाऊ न देणं. ग्रामपंचायतीकडे दोन गोष्टी मागा : कार्यक्रमाच्या रात्री शाळेजवळचे दिवे दोन तास बंद, आणि कायमसाठी दिव्यांवर खाली तोंड करणाऱ्या झडपा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. भारतात अशी मान्यता पहिल्यांदा मिळाली ती आपल्या राज्यात, आणि त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून घेतले गेले. अर्जात हे जरूर लिहा. एका दिव्याचा खर्च फार नसतो, आणि झडप बसली की तोच उजेड रस्त्यावर जास्त पडतो, त्यामुळे विरोध करायला कोणाला कारणही राहत नाही.

राहिला मुलगा. त्याने तुमच्यासाठी वस्तू आणली, त्याला ती वापरात दिसायला हवी. त्याचं 'विकून टाका' हे निम्मं प्रेमच आहे. त्याला पुढच्या कार्यक्रमाला बोलवा आणि सीस्टार त्याच्या ताब्यात द्या. तुम्ही नेत्रिकेशी, तो टॅबलेटशी. जागा अडते हे त्याचं म्हणणं खरं आहे, तर आठ इंची शाळेत ठेवायची व्यवस्था बघा, किल्ली तुमच्याकडे. बॅटरी आणि ॲप यांच्यावर चालणारी वस्तू काही वर्षांनी जुनी होणार, तेव्हा तो नवी आणेल. तुमच्या हाताने घासलेला आरसा मात्र पैसे घेऊन कुठेही मिळणार नाही. आणखी पैसे घालायचेच असतील तर त्यातून आरशाला नवा मुलामा चढवा आणि एक चांगली नेत्रिका घ्या. दुसऱ्या स्मार्ट दुर्बिणीने तुमच्या अंगणात काहीच नवं येणार नाही.

तारीख ठरवताना अमावास्या धरू नका. काळोख हवा म्हणून आपण सगळेच तसं करत आलो, पण लहान मुलांचा पहिला कार्यक्रम शुद्ध सप्तमी-अष्टमीला घ्या. अर्ध्या चंद्रावर उजेड-काळोखाच्या सीमेवरची विवरं सावल्यांनी भरलेली असतात, आणि आठ इंचीतून ते दृश्य असं दिसतं की टॅबलेटची कोणाला आठवणही राहत नाही. रांग लागेल. मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र मावळतो, तेव्हा थांबलेल्या मोठ्या मुलांना घेऊन तुम्ही आणि तुमचा मुलगा दीर्घिकांकडे वळा. पुढचा कार्यक्रम अमावास्येला, फक्त त्यांच्यासाठी.